‘सावड नव्हे, पाळत!’ हे पत्रक माझं होतं

सोपानदादा,

तुमच्या शोकसभेत मी बोलले. चांगलं बोलले. मोठ्या मीटिंग रूममध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं भिंतीला टेकून उभी होती, आणि मी म्हटलं की दादांनी आम्हाला ‘किती झालं?’ असं कधी विचारलं नाही, ‘कुठं अडलंय?’ असं विचारलं. दोघीतिघी रडल्या. एचआरच्या मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, दुःखानं.

लाजेनं घातली होती. तुमच्याविरुद्ध कंपनीत जे एकच पत्रक निघालं, ते मी लिहिलं होतं. त्या खोलीत हे कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त तुम्हाला, असं तेव्हा मला वाटत होतं. आणि तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा रडू यायच्या आधी एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. जाणणारा एकच माणूस होता, तो गेला. हे वाक्य लिहायला मला अठरा दिवस लागले.

मी पत्रकांवर वाढले, हे तुम्हाला सांगून झालेलं होतं. सोलापुरात बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पत्रकं चिकटवायच्या खळीचं पातेलं आणि आमटीचं पातेलं शेजारी शेजारी असायचं आणि आईचा सगळा जीव त्यांची अदलाबदल होऊ नये यात अडकलेला. मी वाचायला शिकले ते ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ पासून. नावही बाबांनी ठेवलेलं. कामाच्या पहिल्या दिवशी तुम्ही हजेरी घेतल्यासारखं विचारलंत, “क्रांती आली का?” आणि सगळी टीम हसली. पुढे ते चालूच राहिलं. मी आजारी पडले की तुम्ही जाहीर करायचात, “क्रांती आज रजेवर हाय, उद्या व्हईल.” मी चिडायचे. मग तुम्ही मला ‘पुढारी’ म्हणायला लागलात.

मला तुमचं काय करावं ते कळत नव्हतं, हे खरं. माझ्या पुस्तकात मॅनेजर म्हणजे मुकादम. तुम्ही साहेबांशी फोनवर फाडफाड इंग्रजी बोलायचात, फोन ठेवला की आमच्याकडे वळून, “काय न्हाई रे, लई घाबरलंय तिकडं, तुमी शांत ऱ्हावा.” मुळशीतल्या चांदे गावच्या जमीनदार घरातले तुम्ही. निम्मी जमीन विकलेली, उरलेल्यात भात आणि चार भाड्याच्या खोल्या. अशा माणसाला कामगार म्हणायचं की मालक? एकदा जेवताना मी तुम्हाला तोंडावर विचारलं, “दादा, तुम्ही नक्की कोणाचे? त्यांचे की आमचे?”

तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, “मी बांधावरचा. दोन्ही खाचरांचा चिखल माज्याच पायाला.”

“बांधावर कायमचं बसता येत नाही. एक दिवस बाजू घ्यावीच लागते.”

“बांध फुटला तर दोन्ही खाचरांचं पानी जातंय, पुढारी. त्येचं काय?”

हा वाद आपण कधी संपवला नाही. मला आजही वाटतं, तुमचं उत्तर अपुरं होतं. पण अपुऱ्या उत्तरानं तुम्ही नऊ माणसं सांभाळलीत, आणि मी पुऱ्या उत्तरानं एकीची नोकरी घालवली.

सावडीचं मी ऐकलं ते तुमच्याकडूनच. मुळशीत भातलावणीला आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. कोणी कोणाला मजुरी देत नाही, पण कोण कोणाच्या खाचरात वाकला होता हे सगळ्यांच्या ध्यानात असतं. तुम्ही ते टीममध्ये आणलंत. दर शुक्रवारी जेवणानंतर, जुन्या प्रिंटच्या पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे करून वाटायचात. वर स्वतःचं नाव, खाली एकच गोष्ट: या आठवड्यात तुला कोणी हात दिला? बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. नियम एकच.

“माजं नाव लिवायचं न्हाई. मला त्येचाच पगार हाय.”

आम्ही लिहायचो. जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर वंदनाताईंचं नाव असायचं. वंदनाताई मूळच्या अकोल्याच्या, चाळिशी ओलांडलेल्या. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीत आलेल्या. आम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी कुठे मोडतं ते शोधायचं त्यांचं काम. स्वतःच्या नावावरचं काम त्यांचं नेहमी मागे, कारण दिवसभर त्या कोणाच्या तरी खुर्चीशेजारी उभ्या. “काय बाप्पा, हे असं कसं चालेल? दाखव बरं पुन्हा,” असं म्हणत त्या माणसाला त्याची चूक त्याच्याच तोंडून काढायला लावायच्या.

मग तो दिवस आला. तुम्ही चहाला गेला होतात, तुमचा स्क्रीन उघडा होता. मी पाहिलं. नावांची यादी, प्रत्येक नावापुढे आकडा. वंदनाताईंपुढे सगळ्यांत मोठा. दोन नावांपुढे शून्य, आणि त्या दोन शून्यांभोवती लाल वर्तुळ. त्यातलं एक नाव माझं होतं.

पत्रकात मी हे लिहिलं नाही, दादा. पत्रकात मी लिहिलं की ‘आपल्याकडून आपल्याच सहकाऱ्यांची मोजदाद करून घेतली जात आहे’. लिहिलं की ‘शेतातला पवित्र शब्द चोरून ऑफिसात पाळत ठेवली जात आहे’. लिहिलं की ‘ज्यांची नावे येत नाहीत, त्यांच्यासाठी लाल वर्तुळे तयार आहेत’. मथळा ठोकला: ‘सावड नव्हे, पाळत!’ तो मथळा सुचला तेव्हा मी खोलीत एकटी हसले होते, इतका तो मला आवडला. नांदे गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात तीस प्रती काढल्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पाण्याच्या मशीनवर, जिन्यात, लिफ्टमध्ये चिकटवल्या. अन्यायाविरुद्ध उभी राहिले असं मला वाटत होतं. वर्षभरात एकाही माणसाला माझं नाव लिहावंसं वाटलं नाही, हे मला लागलं होतं. रागाचं खरं कारण एवढंच होतं. बाकीचं शब्दांचं काम.

एचआरनं घाबरून दुसऱ्याच दिवशी चिठ्ठ्या बंद केल्या. तुम्हाला दोनदा बोलावून घेतलं. नाव विचारलं असणार. तुम्ही सांगितलं नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पत्रकाची एक प्रत उपडी ठेवलेली दिसली. उलटली. दुसऱ्या ओळीतल्या ‘सहकार्यांची’ भोवती पेन्सिलीनं खूण आणि शेजारी शुद्ध रूप, ‘सहकाऱ्यांची’. खाली तुमचं बारीक अक्षर: ‘लिवलंय झकास. इचारायचं तेवढं राहिलं.’

मी ती प्रत दप्तरात कोंबली आणि दिवसभर तुमच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही मात्र संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात. पत्रकाचा विषय नाही. म्हणालात, “उद्यापासनं वंदनाबाईंच्या शेजारी बस. खिडकीकडची जागा हाय, हवा बी लागंल.”

“का? माझं काही चुकलं का?”

“न्हाई. वर्तुळ काडलेल्याला शेजार द्यायचा असतो. एकटं पडलेलं मानूस कुनाला हात देत न्हाई, कुनाचा घेत बी न्हाई. त्येला बाजूला न्हाई काडायचं, मदी बसवायचं.”

एवढं तुम्ही सांगितलंत. मी त्या क्षणी म्हणायला हवं होतं, दादा, माझं चुकलं. मी म्हणाले, “ठीक आहे.”

वंदनाताईंच्या शेजारी बसल्यावर मला काम यायला लागलं, हेही लिहून ठेवते. त्याआधी मला फक्त कोड यायचा. एखादा भाग आपल्याला किती दिवसांत जमेल हे खोटं न बोलता कसं सांगायचं, दुसऱ्यानं लिहिलेलं न हसता कसं वाचायचं, अडलं की दुपारपर्यंत तोंड मिटून न बसता हाक कशी मारायची, हे सगळं त्या खिडकीपाशी झालं. आणि तुम्ही लांबून बघत होतात. कारण तीन महिन्यांनी टीम मोठी झाली म्हणून तुम्ही तिचे दोन भाग केलेत आणि एकाची लीड म्हणून माझं नाव दिलंत. वंदनाताई माझ्या भागात.

मी विचारलं, “मीच का?”

“राग येतोय न तुला? मग तूच. ज्येला कशाचाच राग येत न्हाई, त्यो टीमचं लवासा करून ठिवतो. इमारती झ्याक, ऱ्हायला कोन न्हाई.”

महिन्याभरातच ती मीटिंग झाली. तुम्ही, मी आणि साहेब. कंपनीच्या प्रत्येक विभागातून माणसं कमी करायची होती. आपल्या दोघांत मिळून एक. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला. कोणी किती कामं पूर्ण केली. सगळ्यांत खाली वंदनाताई.

साहेब म्हणाले, “सोपान, मागच्या दोन्ही वेळेस तुम्ही त्या चिठ्ठ्या आणून हिला वाचवलंत. ह्या वेळी काय आहे?”

मागच्या दोन्ही वेळेस! मी ते पहिल्यांदा ऐकत होते. त्या चिठ्ठ्या यासाठी होत्या. तक्त्यात न दिसणारं काम तक्ता मांडणाऱ्याच्या टेबलावर ठेवण्यासाठी. पाळत होती ती वरच्यांवर, खालून ठेवलेली. आणि ती मी बंद पाडली होती.

तुम्ही म्हणालात, “चिठ्ठ्या बंद झाल्या, साहेब. मी तोंडी सांगतो.” आणि तुम्ही सांगितलंत. कोणाची कुठली चूक वंदनाताईंनी कधी पकडली, एकेक. साहेब हसले. “तोंडी नको. तुमचं मन मोठं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. क्रांती, तू तिची लीड. तू सांग.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मुद्दामच पाहिलं नाहीत, हे मला आज कळतं. माझ्यावर नजरेचंही ओझं नको म्हणून.

तीन महिने त्यांच्या शेजारी बसले होते मी. एक तास बोलता आलं असतं. पण मी बोलले असते तर चिठ्ठ्या खऱ्या ठरल्या असत्या, आणि चिठ्ठ्या खऱ्या ठरल्या तर त्या कोणी खोट्या ठरवल्या हे निघालं असतं. मी म्हणाले, “आकडे तर समोरच आहेत, सर.”

पाच शब्द. मी आजवर पुष्कळ लिहिलं, त्यातलं सगळ्यांत परिणामकारक लेखन हे.

बाहेर आल्यावर तुम्ही जिन्यात थांबलात. मला वाटलं, आता बोलतील. शिवी दिलीत तर बरं होईल. तुम्ही म्हणालात, “वंदनाबाईंना मी सांगतो. तू नगं येऊस, तुला जमायचं न्हाई.” आणि एक-एक पायरी उतरत गेलात.

त्यानंतर तुम्ही पाच महिने जगलात. त्या पाच महिन्यांत आपण रोज चहा प्यायलो. रोज तुम्ही विचारायचात, “काय पुढारी, कुटं अडलंय?” तुम्ही रोज दार उघडून ठेवत होतात आणि मी रोज म्हणत होते, “कुठंच नाही.”

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी तुमच्या घरी गेले. मंगलवहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. पत्रकाचं, मीटिंगचं. त्यांचा हात थांबला नाही.

“म्हाईत व्हतं त्येनला. त्याच दिशी घरी येऊन म्हनलं, आमच्या क्रांतीनं लिवलंय. मी म्हनलं, हाकलून द्या. तर हसाय लागलं.”

“हसले?”

“हसलं. मग जेवलं न्हाईत.” त्यांनी खडा काढून अंगणात टाकला. “गोड करून सांगनार न्हाई मी तुला, पोरी. लागलं व्हतं त्येनला. आन् तुजं लागलं त्यापरीस त्या बाईचं लई लागलं. तिची नोकरी गेल्यापासनं शुक्रवारी त्यांचं घरात चित्त लागायचं न्हाई.”

मी रडायला लागले. वहिनी म्हणाल्या, “हितं नगं. हितं रडून मला काय उपेग? मानूस जित्तं हाय तिकडं जा.”

मग मी भूगावला गेले. वंदनाताईंच्या फ्लॅटचं दार त्यांनीच उघडलं. मी आत गेले, बसले, आणि सुरुवात केली. “ताई, ते पत्रक...” एवढं म्हणते तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी मला हातानं थांब म्हणून सांगितलं आणि फोन घेतला.

“हं, बोल सागर. ... अरे पण आधी जुना डेटा पुसला का तू? ... नाही ना? मग कसं चालेल, बाप्पा? पूस, पुन्हा लाव, आणि तिसऱ्या पायरीवर काय दिसतं ते मला सांग. ... नाही, नाही, घाईत नाही मी. बसलेय.”

सागर माझ्याच टीममधला. माझ्याच टीमचं काम. मला न विचारता, कारण मला विचारून उपयोग नव्हता, तो कंपनीनं काढलेल्या बाईला विचारत होता. आणि ती सांगत होती.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, “अधूनमधून करतात पोरं. हं, तू काय म्हणत होतीस?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. पत्रकाच्या भागाला त्यांचा चेहरा हललासुद्धा नाही. मीटिंगच्या भागाला हलला.

“सोपानदादांनी मला सांगितलं की त्यांनी खूप प्रयत्न केला. तू तिथे होतीस, हे नाही सांगितलं.”

“होते.”

“आणि तू म्हणालीस, आकडे समोर आहेत.”

“हो.”

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. समोर नवी इमारत उठते आहे, तिच्या क्रेनकडे. मग म्हणाल्या, “मला सांगून तुझं मन हलकं होईल. माझं काही होणार नाही. जिथे म्हणालीस, तिथे जाऊन परत म्हण.” चहा त्यांनी विचारला नाही. बरं केलं.

गेल्या शुक्रवारी मी पाठकोरे कागद फाडले आणि माझ्या टीममध्ये वाटले. एचआरची परवानगी काढली नाही. कोणी काही विचारलं नाही. डबा नव्हता, तर सागरनं स्वतःचा रिकामा टिफिन पुढे केला. पाच चिठ्ठ्या. त्यातल्या तीन चिठ्ठ्यांवर वंदनाताईंचं नाव. माझं एकीवरही नाही, आणि ते बरोबरच आहे.

आज सोमवारी त्या चिठ्ठ्या घेऊन साहेबांच्या समोर गेले. साहेबांनी वाचल्या. कपाळाला आठी घातली.

“वंदना? पण ही आता आपल्याकडे नाही.”

“नाही, सर. पण काम त्यांच्याकडूनच होतंय. फोनवर. घरी बसून.”

“आणि हा चिठ्ठ्यांचा प्रकार बंद केला होता ना आपण? कोणीतरी ते काय, पत्रक लावलं होतं.”

“ते मी लावलं होतं.”

साहेबांनी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. वंदनाताईंना परत बोलावतील का, मला माहीत नाही. साहेब म्हणाले, बघू. माझं लीडपद उरेल का, तेही माहीत नाही, आणि दादा, पहिल्यांदाच मला त्याची फिकीर वाटली नाही. पण त्यांनी लगेच पुढचं विचारलं. रागानं नाही, नवल वाटून.

“मग त्या दिवशी मी तुलाच विचारलं होतं. सोपान शेजारी बसले होते. तेव्हा का नाही बोललीस?”

लहानपणापासून वाचलेले सगळे मोठे शब्द मी आठवून पाहिले. व्यवस्था, शोषण, परिस्थिती. त्यातला कुठलाही शब्द घेतला असता तर साहेबांनी मान डोलावली असती.

“घाबरले होते,” मी म्हटलं.